नातवंडांच्या वहीतील नदी

वाचकहो, आपल्या घरी सातवी-आठवीत शिकणारे नातवंड असेल, तर आज सायंकाळी त्याला एक प्रश्न विचारून पाहावा : "तुमच्या शाळेची पाण्याची वही आहे का?" बहुतेक घरी उत्तर नकारार्थी येईल. काही घरी मात्र मूल उत्साहाने सांगू लागेल, की आम्ही दर शनिवारी ओढ्यावर जातो, पाण्याचे तापमान घेतो, रंग पाहतो, वास घेतो, काठावर काय पडले आहे ते लिहितो. ऐकायला ही नोंद रुक्ष वाटते. तरीही ही वही आपल्या रक्त-लघवीच्या तपासण्यांच्या कागदांइतकीच जपून ठेवण्याजोगी आहे, असे मी डॉक्टर या नात्याने का म्हणतो, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमचे आजरा हे हिरण्यकेशीच्या काठचे गाव. आंबोलीच्या डोंगरात, एका गुहेतून वाहणाऱ्या झऱ्यापाशी तिचा उगम. तेथून ती आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत संकेश्वराकडे, म्हणजे कर्नाटकात जाते, घटप्रभेला मिळते आणि घटप्रभेबरोबर कृष्णेत विलीन होते. पावसाळ्यात रामतीर्थाच्या खडकांवरून कोसळणारी नदी पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. उन्हाळ्यात मात्र तीच नदी बंधाऱ्यांमागे थबकलेली, मंद आणि हिरवट दिसते. उगमाजवळच्या कुंडात आढळलेल्या एका चिमुकल्या माशाचे २०२० साली शास्त्रज्ञांनी 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नामकरण केले आणि पुढच्याच वर्षी राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. नदीच्या नावाचा मासा असणे ही भाग्याची गोष्ट खरीच. पण उगमापाशी जे पाणी माशाला मानवते, ते चार गावे ओलांडल्यावर माणसाला मानवेलच असे नाही. माझा संबंध येतो तो या चार गावांनंतरच्या पाण्याशी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैचा शेवटचा आठवडा होता. एकाच गल्लीतील तीन रुग्ण चार दिवसांच्या अंतराने माझ्याकडे आले. डोळे पिवळे, लघवी गर्द, अन्नावरची वासना उडालेली. तिघांत एक सत्तरी ओलांडलेले मधुमेही गृहस्थ होते. दोघे तरुण यथावकाश बरे होतील याची मला खात्री होती, आजोबांविषयी नव्हती. मी नेहमीचे प्रश्न विचारले : गेल्या आठ दिवसांत बाहेर कोठे जेवलात, लग्नकार्य होते का, उसाचा रस प्यालात का. सर्वांची उत्तरे नकारार्थी. तेव्हा आजोबांना धरून आणणारी त्यांची तेरा वर्षांची नात हळूच म्हणाली, "डॉक्टरकाका, आमच्या वहीत गढूळ पाण्याचं लिहिलंय. पण ते शाळा सुरू झाली तेव्हाचं आहे."

मी मनात ओशाळलो. प्रश्न माझाच चुकला होता. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत २ ते १० आठवडे जातात, सरासरी ५-६ आठवडे. मी गेल्या आठवड्याचे पाणी शोधत होतो आणि आजार आला होता जूनमधल्या पाण्यातून. सहा आठवड्यांपूर्वी नळाला कसे पाणी आले होते, हे कोणाला आठवते? आपल्यालाही आठवणार नाही. मुलांच्या वहीत मात्र तारखेसह लिहिलेले होते : पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्यालगतच्या नळाला दोन दिवस गढूळ पाणी, वास येतो, शेजारचे गटार तुंबले आहे.

त्या जागी जलवाहिनी गटाराखालून जात होती. खणून पाहिले तेव्हा सांधा कुजलेला निघाला. तिघांपैकी दोघांच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस ईचा पुरावा मिळाला. त्या सांध्यातूनच विषाणू आला, असे न्यायालयात सिद्ध करता येईल इतका पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु कोठे खणावे हे त्या वहीने सांगितले, एवढे खरे. सांधा बदलला गेला. आजोबा वाचले, पण त्यांना पूर्ववत हिंडू-फिरू लागण्यास दिवाळी उजाडावी लागली आणि त्या काळात त्यांच्या सुनेने जे सोसले त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

या गोष्टीतील एक बोचरी बाब मी लपवीत नाही. नोंद केली त्याच दिवशी कोणी ती वाचली असती, तर कदाचित तिघेही आजारी पडले नसते. वही शाळेच्या कपाटात होती. मुलांनी आपले काम चोख केले होते. वाचणारे आपण मोठे लोक जागेवर नव्हतो, आणि त्यात मीही आलो. त्या शाळेत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीस जाणारा मीच.

काविळीचा आणि नदीचा हा संबंध नवा नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेचे पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे सरकले. पाण्यात नेहमीपेक्षा अधिक क्लोरीन घालण्यात आले; त्यामुळे विषमज्वराची वा हगवणीची मोठी साथ आली नाही, पण विषाणू निसटला. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती काविळीची निराळीच जात होती, हे कळण्यास पुढे पंचवीस वर्षे जावी लागली. आपल्या जिल्ह्यातील वाचकांना २०१२ च्या उन्हाळ्यातील इचलकरंजीची काविळीची साथ आठवत असेल. घरोघरी रुग्ण होते आणि माणसे दगावली होती.

शाळकरी मुलांनी पाण्यावर लक्ष ठेवण्याची जी चळवळ आज अनेक देशांत आहे, तिच्या एका महत्त्वाच्या शाखेचे मूळही काविळीतच आहे. १९८४ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ॲन आर्बर गावच्या ह्युरॉन हायस्कूलची काही मुले शाळेजवळच्या नदीत शिडाच्या फळीवर खेळली आणि पुढे काविळीने आजारी पडली. घाबरून नदीकडे पाठ फिरवावी, असे तेथील शिक्षकांनी केले नाही. मिशिगन विद्यापीठातील पर्यावरण शिक्षणाचे प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या साहाय्याने मुलांनी स्वतःच पाणी तपासण्यास घेतले. पाण्यात विष्ठेतील जिवाणू सापडले. मग मुले अधिकाऱ्यांकडे गेली आणि दोष पावसाच्या पाण्याच्या नाल्यांत असल्याचे पुढे आले. याच प्रयोगातून अनेक देशांतील शाळांना जोडणारे नदीशिक्षणाचे एक जाळे १९८९ साली उभे राहिले.

आपल्याकडेही साधने अगदीच नाहीत असे नाही. राष्ट्रीय हरित सेनेची पथके २००१-०२ पासून शाळाशाळांत आहेत. काही जिवंत, पुष्कळशी कागदावर. पुण्यात 'जीवित नदी' ही संस्था नागरिकांना व मुलांना नदीचा एकेक तुकडा दत्तक घ्यावयास लावते. डॉ. विश्वास येवले यांनी २००२ मध्ये आळंदी ते पंढरपूर जलदिंडी सुरू केली. नदीतूनच प्रवास करीत नदीची अवस्था पाहावी, ही कल्पना एका डॉक्टरला सुचावी याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून राज्य शासनाने 'चला जाणूया नदीला' हे अभियान आरंभिले. अभियाने येतात, फलक लागतात, छायाचित्रे निघतात. दर शनिवारची नोंद टिकते ती मात्र एखाद्या शिक्षकाच्या किंवा शिक्षिकेच्या चिकाटीवर.

मुले पाहतात तरी काय?

मी एका शनिवारी मुलांबरोबर गेलो होतो. त्यांच्याकडे एक तापमापी, आम्लता पाहण्याच्या कागदी पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या रंगाची दोरी बांधलेली एक चकती, चहाची गाळणी आणि पांढरा ट्रे एवढेच साहित्य होते. चकती पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरी किती ओली झाली ते मोजायचे. इतक्या साध्या रीतीने पाण्याचा गढूळपणा आकड्यात येतो. माझ्या विद्यार्थिदशेत आम्हाला विहिरीत किती ब्लीचिंग पावडर टाकावी हे ठरविण्यासाठी हॉरॉक्सचे उपकरण शिकविले होते. सहा पेल्यांच्या त्या खटाटोपाची परीक्षेपुरती घोकंपट्टी करून मी ते विसरलो. या मुलांनी शिकलेले ती विसरतील असे वाटत नाही.

सर्वांत रंजक भाग गाळणीचा. दगड उलटून त्याखालचे जीव गाळणीत धरावयाचे आणि ट्रेमध्ये पाहून पुन्हा पाण्यात सोडावयाचे. वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात मेफ्लायच्या अळ्या आढळतात. त्यांना घाण सोसत नाही. सांडपाणी मिसळले की त्या प्रथम नाहीशा होतात आणि गाळातील लाल किडे माजतात. हे किडे म्हणजे नदीची नाडी. रासायनिक तपासणी त्या क्षणाचे पाणी सांगते; किडे गेल्या कित्येक आठवड्यांचे पाणी सांगतात, कारण त्यांना तेथे राहावे लागलेले असते. आमच्याकडे मधुमेहासाठी एचबीएवनसीची तपासणी करतात ना, जी मागील तीन महिन्यांच्या साखरेचा ताळेबंद देते, तसेच हे आहे.

पाण्यातील प्राणवायूचा हिशेबही मुलांना येत होता. २० अंश तापमानाचे पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते, ३० अंशांचे पाणी साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात, बंधाऱ्याचे बरगे घातलेले असताना, थांबलेल्या कोमट पाण्यात थोडेही सांडपाणी अधिक गेले की मासे मरून वर येतात. स्नानाच्या घाटावरील पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. केंदाळाचा हिरवा गालिचा दिसला की वहीत लिहावे. तो गालिचा म्हणजे पाण्यात सांडपाणी वा खत उतरत असल्याची खूण होय.

नदीचे पाणी आणि पिण्याचे पाणी यांतील फरक मुलांनी नीट समजून घेतला होता, मोठ्यांनीही घ्यावा. पिण्याच्या पाण्यासाठी एक बाटलीची चाचणी असते. बाटलीत औषध लावलेली पट्टी असते; तीत पाणी भरून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवावयाचे. पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेतील जिवाणू असण्याचा संभव मोठा. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास निघालेली ही युक्ती पुढे अनेक देशांनी उचलली. ती नदीच्या उघड्या पाण्याला लावू नये. ते बहुधा काळे होणारच. विहीर, हातपंप, नळ यांना लावावी. काळी झालेली बाटली मुलांनी उघडू नये. शिक्षकांनी ब्लीचिंग पावडरीच्या द्रावणाने निर्जंतुक करून टाकावी. आणि बाटली काळी झाली नाही म्हणजे पाणी निर्धोक, असेही समजू नये. विषाणू तीत दिसत नाहीत.

नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, ही तपासणी गावचा जलसुरक्षक करतो. टोकाच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असा भारतीय मानक आहे. मुलांनी त्याच्या शेजारी उभे राहून आकडा वहीत उतरवावा. शेजारी उभी असलेली मुले पाहून तपासणी अधिक नियमित होते, हा माझा अनुभव. आपल्या ग्रामपंचायतीला पाण्याच्या सर्वेक्षणानंतर हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळाले आहे, हेही आपण विचारावे. हे सर्वेक्षण वर्षातून दोनदा होते आणि ते कार्ड गुपित नसते.

मुलांच्या जिवाची काळजी

नातवंडाला ओढ्यावर पाठवावे की नाही, ही आजी-आजोबांची शंका रास्त आहे. माझ्या अटी स्पष्ट आहेत. पावसाळ्यात, पाणी चढत असताना कोणीही काठावर जाऊ नये; त्या आठवड्यात वहीत 'पूर, गेलो नाही' असे लिहिले तरी ती नोंदच आहे. मोठे माणूस सोबत नसेल तर जाऊ नये. पायाला, हाताला जखम असलेल्या मुलाने पाण्यात उतरू नये. उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलपाण्यात येतात आणि जखमेवाटे शरीरात शिरतात. गमबूट, हातमोजे आणि परतल्यावर साबणाने हात-पाय धुणे यांत तडजोड नको. पाण्यात उतरून आल्यावर महिनाभरात सणसणून ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली आली, तर मूल ओढ्यात गेले होते हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. ते सांगितले नाही तर आम्ही डेंग्यू शोधत बसतो.

गणेशविसर्जनाच्या वेळी मुले काठावर उभी राहून निर्माल्य मागून घेतात, ही प्रथा कोल्हापूर जिल्ह्यात आता बरीच रुजली आहे. त्या मुलांच्या हाती निर्माल्य देताना आपल्यापैकी काहींना अवघड वाटते, हे मी जाणतो. माझ्या आईलाही वाटत असे. तिने शेवटी फुले मुलांना दिली आणि दूर्वांची एक जुडी मात्र स्वतः पाण्यात सोडली. मी काही बोललो नाही.

आपण घरी काय करावे

गढूळ पाण्याची बातमी नातवंडाने आणली, तर त्या दिवसापासून निदान पंधरा दिवस पिण्याचे पाणी उकळावे. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरते. घाई होऊ नये म्हणून मी रुग्णांना ५ मिनिटे सांगतो. नुसते कोमट केलेले पाणी हे उकळलेले पाणी नव्हे. तुरटीने पाणी निवळते, निर्जंतुक होत नाही. घरच्या टाकीसाठी १००० लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर सुमारे अडीच ग्रॅम पुरते. मात्र आधी पाणी निवळलेले हवे आणि पावडर कालवल्यावर तासभर थांबावे.

साठीनंतर तहानेची जाणीव मंदावते, ही गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. तरुण माणूस चार जुलाब झाले की तांब्याभर पाणी मागतो. वृद्ध माणूस निपचित पडून राहतो आणि घरच्यांना वाटते, आराम करीत आहेत. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर धोका दुप्पट. जीभ कोरडी पडणे, सहा-सात तास लघवी न होणे, उठताना भोवळ येणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे, यांतील एक चिन्ह दिसले तरी डॉक्टरांकडे न्यावे. सकाळ होण्याची वाट पाहू नये. तोवर जलसंजीवनी घोटघोट पाजीत राहावे. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह्यांनाही जुलाबात हे द्यावे. त्यातील साखर मीठ शोषून घेण्यासाठी असते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि मधुमेह-रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या त्या दिवसापुरत्या थांबवायच्या, तेही विचारावे. मनाने थांबवू नयेत.

काविळीत मूळ-पाला, गळ्यातील माळ, डोक्यावरून पाणी उतरविणे यांत दिवस घालवू नयेत. बरीचशी कावीळ आपसूक उतरते, म्हणून या उपायांना यश मिळाल्यासारखे दिसते. आधीच यकृताचा विकार असलेल्या वृद्धांत आणि गरोदर स्त्रियांत हिपॅटायटिस ई प्राणावर बेतू शकते.

आणखी एक काम फक्त आपल्यालाच करता येण्याजोगे आहे. मुलांच्या वहीत आज दिसते ती नदी आहे. पूर्वी ती कशी होती, हे त्यांना ठाऊक नाही, त्यामुळे आजची अवस्था हीच मूळ अवस्था असे त्यांना वाटते. कोणता झरा उन्हाळ्यातही आटत नसे, पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढे, कोठे धुणे धुवायचे आणि कोठून घागर भरायची याचा गावात काय रिवाज होता, कोणता मासा कोणत्या नक्षत्रात चढे, हे सारे आपल्या स्मरणात आहे. ते कोठेही लिहिलेले नाही. विस्मरणाचा आजार सुरू झालेल्या माणसालाही जुने पाणवठे स्वच्छ आठवतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. नव्या आठवणी आधी जातात, बालपणीच्या उशिरा. अशा माणसापाशी बसून मूल अर्धा तास लिहून घेत असेल, तर तो अर्धा तास दोघांनाही औषधासारखा लागू पडतो. तारखा चुकतील, चुकू द्याव्यात. वर्ष आठवत नसेल तर 'धाकट्याच्या मुंजीच्या वर्षी' एवढेही चालते, मुले हिशेब काढतात.

ते काविळीतून उठलेले आजोबा आता शनिवारी शाळेच्या ओसरीवर बसतात. ओढ्यापर्यंत चालणे त्यांना झेपत नाही. मुले परत आली की ते चष्मा लावून वही वाचतात आणि काही विशेष आढळले तर मला निरोप पाठवितात. पहिल्या दिवशी त्यांनी मागील सगळी पाने वाचून काढली. एका पानावर मुलांनी डोहाचे नाव चुकीचे लिहिले होते. ते खोडून त्यांनी जुने नाव लिहिले, शेजारी 'येथे पाणमांजरे दिसत' अशी ओळ घातली आणि खाली तारखेसह सही केली.